पैशांचा हिशेब आणि संगणकाचे अपूर्णांक

नवी मुंबईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे संगणक-प्रकल्प पाहण्यासाठी आम्हांला बोलावले होते. बारावीच्या एका मुलीने वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातील एका गाळ्याचा हिशेब ठेवणारा डेटाबेस तयार केला होता. तिचे मामा त्या गाळ्यावर दिवाणजी आहेत. शेतकऱ्याचा माल विकला गेला की वजन आणि भाव यांचा गुणाकार करून, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा करून जी रक्कम उरते, ती ज्या कागदावर लिहून देतात त्याला बाजारात ‘पट्टी’ म्हणतात. मुलीने मामांच्या वहीतल्या खऱ्या पट्ट्या संगणकात भरल्या होत्या. प्रकल्प म्हणजे पुस्तकातली ठरावीक उदाहरणे पुन्हा टंकणे, असा जो समज सर्वत्र दिसतो, त्याच्या तुलनेत हे काम फारच चांगले होते.

आम्ही तिला १२५० रुपये ५० पैशांची पट्टी शोधायला सांगितली. ती लगेच सापडली. मग यादीतच दिसणारी दुसरी एक रक्कम सांगितली, १२५० रुपये ३५ पैसे. संगणकाने उत्तर दिले की अशी नोंद नाही. पट्टी पडद्यावर समोर दिसत होती, १२५०.३५ हा आकडाही दिसत होता, आणि तरी ती सापडत नव्हती. मुलगी गोंधळली. तिच्या शिक्षिका मदतीला आल्या आणि म्हणाल्या, “सर, कॉम्प्युटर दशांशात कधीकधी थोडं इकडेतिकडे करतो. १२५०.३४ ते १२५०.३६ च्या मधलं शोधायचं, म्हणजे येतं.” तसे शोधल्यावर पट्टी आली. मुलीने मान डोलावली आणि ती युक्ती वहीत लिहून घेतली.

या लेखाचा विषय ती युक्ती आणि ती जिथून येते ते पुस्तकातले वाक्य हा आहे. शिक्षिकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हाती असलेल्या प्रात्यक्षिकांच्या वहीत स्तंभांच्या प्रकारांचा तक्ता दिला आहे. त्यात ‘इंट’पुढे लिहिले आहे, ‘पूर्णांक साठवण्यासाठी’, आणि ‘फ्लोट’पुढे, ‘दशांश चिन्ह असलेल्या संख्या साठवण्यासाठी’. ‘डेसिमल’ या प्रकाराचा उल्लेखच नाही. आम्ही नंतर अशा आणखी काही वह्या चाळल्या. बहुतेकींत तेच वाक्य थोड्या फरकाने आढळले, आणि त्याखालच्या उदाहरणांत पगार, फी, किंमत हे सर्व स्तंभ फ्लोट होते. वाक्य वरवर पाहता बरोबर आहे. फ्लोटमध्ये दशांश चिन्ह असलेल्या संख्या साठवता येतातच. पण पाण्याची टाकी आणि चाळणी या दोन्हींत पाणी ओतता येते, एवढे सांगून थांबण्यासारखे ते आहे.

१२५०.३५ चे नेमके काय झाले ते पाहू. संगणक संख्या द्विमान पद्धतीत लिहितो. या पद्धतीत बिंदूच्या उजवीकडच्या स्थानांच्या किमती १/२, १/४, १/८, १/१६ अशा निम्म्या-निम्म्या होत जातात. नववीच्या वर्गात आपण शिकवतो की ज्या अपूर्णांकाच्या छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतात, त्याचे दशांश रूप खंडित असते आणि इतरांचे अखंड आवर्ती. १/३ लिहिताना ०.३३३… थांबत नाही, कारण ३ हा १० चा अवयव नाही. हाच नियम पाया २ ला लावावा. तिथे छेद फक्त २ चा घात असेल तरच लेखन थांबेल, छेदात एकही ५ आला की आवर्तन सुरू. वर्गात हे दहा मिनिटांत करून दाखवता येते. ०.१ घ्या आणि दुप्पट करत जा. प्रत्येक वेळी पूर्णांकी भाग बाजूला लिहून सोडून द्या. ०.२, ०.४, ०.८, १.६, १.२, ०.४ आणि पुन्हा तेच चक्र. बाजूला लिहिलेले अंक ०, ०, ०, १, १, ०, ०, १, १ असे चालत राहतात. दहा पैसे ही एवढी साधी रक्कम, पण द्विमान पद्धतीत ती कधीच पुरी लिहून होत नाही.

डेटाबेसमधील साध्या फ्लोटला चार बाइटची जागा असते आणि तीत २४ द्विमान अंकांपुरती अचूकता मिळते. तेवढ्यात १२५०.३५ च्या सर्वांत जवळची जी संख्या बसते ती १२५०.३४९९७५५८५९३७५ ही आहे. माय-एस्क्यूएल ती दाखवताना सहाच अंकांत दाखवते, त्यामुळे पडद्यावर १२५०.३५ दिसते. शोधताना मात्र आतल्या खऱ्या संख्येशी तुलना होते, आणि ती जुळत नाही. १२५०.५० सापडली, कारण अर्धा हा द्विमान पद्धतीत एका अंकात संपतो. संगणकाने ‘इकडेतिकडे’ काहीही केले नव्हते. त्याला सांगितले तसे त्याने काटेकोरपणे केले होते.

० ते ९९ पैसे अशा शंभर रकमा घेतल्या तर द्विमान पद्धतीत नेमक्या लिहिता येतील अशा फक्त चार निघतात: ००, २५, ५० आणि ७५. उरलेल्या ९६ रकमा आसन्नच राहतात.

इथे आम्हांला आमच्या आजोबांच्या पिढीची आठवण होते. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पया. आणा म्हणजे रुपयाचा १/१६ आणि जुना पैसा म्हणजे १/६४. हे दोन्ही छेद २ चे घात आहेत. म्हणजे आण्या-पैशांतली प्रत्येक रक्कम फ्लोटमध्ये अगदी नेमकी बसली असती! फक्त पईने घोटाळा केला असता, कारण १/१९२ च्या छेदात ३ हा अवयव आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकणाऱ्या मुलांचे सगळे अपूर्णांक द्विमान पद्धतीशी सोयरीक असलेलेच होते. आपण दहाच्या पाढ्याशी जुळावे म्हणून नवे पैसे आणले आणि माणसाचा हिशेब सोपा झाला. योगायोग असा की त्याच १९५७ साली आयबीएमने वैज्ञानिक गणितासाठी फोर्ट्रान ही भाषा आणली, आणि द्विमान यंत्रांवरची तरंगत्या बिंदूची संख्या सर्व प्रयोगशाळांत पोहोचली.

जुन्या नाण्यांकडून नव्याकडे जातानाही हाच प्रश्न आला होता. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. सव्वासहाचे नाणे नाही, म्हणून तक्त्यात एका आण्याला सहा. आता एकेका आण्याच्या सोळा वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर ९६ नये पैसे होतात आणि एकदम घेतल्या तर रुपया. चार नये पैसे कुठे गेले, हे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने काय उत्तर दिले असेल ते असो. पण तो तक्ता छापील होता आणि सर्वांना दिसेल असा होता. फ्लोटमध्ये असाच तक्ता यंत्राच्या पोटात असतो आणि तो कोणी वाचत नाही.

यावर नेहमीचे उत्तर मिळते की एवढ्या सूक्ष्म चुकीने काय बिघडते, शेवटी पैशापर्यंतच तर छापायचे. चार बाइटच्या फ्लोटबाबत हे उत्तर सरळ चूक आहे. संख्या मोठी होत जाते तसे दोन लगतच्या साठवता येणाऱ्या संख्यांमधील अंतर वाढत जाते. १,३१,०७२ रुपयांच्या पुढे ते दीड पैशाहून अधिक होते. १,३१,०७२ रुपये ३२ पैसे भरले, तर पैशापर्यंत दाखवताना ३१ पैसे परत मिळतात. ८३,८८,६०८ रुपयांच्या पुढे हे अंतर पुरा एक रुपया होते, म्हणजे पैसे ही गोष्टच उरत नाही. कांद्याच्या एका ट्रकची किंमत लाखांत जाते आणि गाळ्याची महिन्याची उलाढाल कोटींत. मुलीने पुढे हाच स्तंभ बेरजेच्या तक्त्यासाठी वापरला असता तर वहीतला आणि संगणकातला आकडा जुळला नसता, आणि मामांनी संगणक बंद करून वही उघडली असती. त्यांचे बरोबरच ठरले असते.

आठ बाइटच्या फ्लोटला, म्हणजे ‘डबल’ला, मात्र न्याय दिला पाहिजे. त्यात पंधरा-सोळा दशांश अंकांची अचूकता मिळते आणि चूक पैशाच्या कितीतरी खाली राहते. प्रत्येक पायरीला उत्तर जवळच्या पैशाला आणले, तर बहुतेक घरगुती हिशेब त्यात बिनबोभाट होतात. आम्ही स्वतः प्रयोगशाळेत दिवसभर डबलच वापरतो. पण तिथे मोजमापातच हजारात एखाद्या भागाची अनिश्चितता असते, आणि सोळाव्या अंकाची चिंता करणे हास्यास्पद ठरते. पैशाच्या हिशेबात ०.१ दहा वेळा मिळवून ०.९९९९९९९९९९९९९९९९ आले आणि ‘एक झाला का?’ असे विचारले, तर डबल ‘नाही’ म्हणतो. ४.३५ ला १०० ने गुणले तर ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतात. पूर्णांकी भाग तेवढा ठेवणाऱ्याच्या हाती ४३४ पैसे लागतात. खबरदारी घेतली तर चालते हे खरे, पण ती प्रत्येक ओळीत घ्यावी लागते, आणि नवशिक्याकडून आपण नेमकी तीच अपेक्षा करतो.

मुळात तक्त्यातला भेद चुकीच्या जागी पाडला आहे. दशांश चिन्ह आहे की नाही, हा प्रश्नच नव्हे. संख्या मोजून आलेली आहे की मापून, हे विचारायला हवे. आपल्या भाषेत ‘मोजणे’ हा शब्द दोन्हीकडे चालतो, म्हणून विद्यार्थ्यांना हा फरक मुद्दाम दाखवावा लागतो. वर्गातली मुले आपण मोजतो, मुलाची उंची मापतो. उंचीला फ्लोट योग्य, कारण उंची कधीच नेमकी नसते. रुपये-पैसे हे पैशांची मोजदाद असतात, ते दशांश चिन्हाने लिहिणे ही केवळ लिहिण्याची सोय. वजन हे मापन आहे, म्हणून पट्टीतल्या वजनाला फ्लोट द्यावा असे प्रथम वाटेल. आमचे मत वेगळे आहे. काट्यावरचा आकडा एकदा पट्टीवर उतरला आणि त्यावर पैसे द्यायचे ठरले, की तो दस्तऐवजातला आकडा झाला. तोही नेमक्या प्रकारातच ठेवावा.

एस्क्यूएलच्या प्रमाणकात हा भेद पहिल्यापासून आहे. ‘न्यूमेरिक’ आणि ‘डेसिमल’ हे नेमके प्रकार, तर ‘फ्लोट’, ‘रिअल’ आणि ‘डबल प्रिसिजन’ हे आसन्न. डेसिमल (१०,२) म्हणजे एकूण दहा अंक, त्यांतले दोन बिंदूनंतर. यंत्र आत दशांश अंकच सांभाळते आणि बिंदूची जागा वेगळी लक्षात ठेवते. बँकांच्या जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्येही हिशेब दशमान अंकांतच होत असे. फोर्ट्रानच्या मार्गाने आलेल्या आमच्यासारख्या लोकांनी शिकवायला सुरुवात केल्यावर, हातातल्या हातोड्याने पैशालाही ठोकायची सवय पसरली असावी. या बाबतीत संशोधकांनी थोडी जबाबदारी घ्यायला हवी.

मात्र ‘पैशाला डेसिमल वापरा’ हा मंत्र देऊन मोकळे होणाऱ्यांशीही आमचे भांडण आहे. हा सल्ला आता पुष्कळ ठिकाणी दिला जातो आणि बहुधा तिथेच थांबतो. डेसिमलमध्ये बेरीज, वजाबाकी नेमकी होते. भागाकार आला की तेही हतबल. तीन शेतकऱ्यांचा माल एकाच गाडीतून आला आणि गाडीभाडे १००० रुपये असले, तर प्रत्येकी ३३३.३३ आणि एक पैसा शिल्लक. तो कोणाच्या पट्टीत जाणार? हे डेसिमल सांगत नाही. ते माणसाने ठरवायचे असते.

बचत खात्याच्या व्याजाचे उदाहरण घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावरचे व्याज रोजच्या शिलकीवर काढले जाते. त्याआधी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरत असत. समजा खात्यात १०,००० रुपये आहेत आणि दर अडीच टक्के. एका दिवसाचे व्याज ०.६८४९३… रुपये होते. कोणी हे रोज डेसिमल (१०,२) मध्ये साठवले, तर रोज ६८ पैसे, म्हणजे वर्षाला २४८ रुपये २० पैसे होतात. खरे व्याज २५० रुपये. एक रुपया ऐंशी पैसे अगदी ‘नेमक्या’ प्रकारात नाहीसे झाले! चार दशांश स्थळे ठेवली तर २४९.९८८५ येतात. ठेवींवरील व्याजाचा व्यवहार जवळच्या रुपयापर्यंत करावा, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांत म्हटले आहे, त्यानुसार २५० होतात. म्हणजे किती स्थळे ठेवायची आणि कोणत्या पायरीला तोडायचे, यावर खातेदाराचे पैसे अवलंबून असतात. स्टेट बँकेचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र आमच्या शेजारी बेलापूरला आहे. अशी कोट्यवधी खाती सांभाळणाऱ्या कोणत्याही यंत्रणेला हे प्रश्न आज्ञावलीच्या पहिल्या ओळीआधीच सोडवावे लागतात.

कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराने हे न सोडवल्याचा अनुभव घेतला. तिथला निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो पुन्हा काढला जाई आणि तीन दशांश स्थळांनंतरचे अंक नुसते छाटले जात. असे व्यवहार रोज हजारो. बावीस महिन्यांनी, नोव्हेंबर १९८३ मध्ये, निर्देशांक ५२४.८११ दाखवत होता. हिशेब दुरुस्त केल्यावर तो १०९८.८९२ निघाला. प्रत्येक छाटणी हजारांशाहून लहान होती, पण सगळ्या एकाच दिशेला होत्या.

दिशेचा हा मुद्दा शाळेतही महत्त्वाचा आहे. आपण शिकवतो की पाच किंवा अधिक असेल तर वर न्यायचे. काही ठिकाणी नेमका अर्धा आल्यास जवळच्या सम अंकाला नेण्याचा नियम पाळतात, म्हणजे वर-खाली समान वाटणी होते. माय-एस्क्यूएलला २.५ ची आसन्न किंमत विचारली तर ३ येते. तीच संख्या २५ई-१ अशी, म्हणजे आसन्न प्रकारात लिहून विचारली तर सामान्यतः २ येते. संख्या तीच, फक्त प्रकार बदलल्याने एकाचा फरक. किंवा ५० रुपये ५० पैशांच्या वस्तूवर १८ टक्के जीएसटी काढा. एकत्र काढला तर ९ रुपये ९ पैसे. तो केंद्र आणि राज्य असा नऊ-नऊ टक्के वेगळा काढला तर प्रत्येकी ४.५४५. शाळेच्या नियमाने ४.५५ आणि दोन्ही मिळून ९.१०. सम अंकाच्या नियमाने ४.५४ आणि मिळून ९.०८. बरोबर असलेले ९.०९ कोणत्याच वाटेने येत नाहीत! जीएसटीच्या कायद्यात कलम १७० मध्ये कर जवळच्या रुपयापर्यंत आणण्याचा आणि पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर वर नेण्याचा नियम लिहून ठेवला आहे, तो अशा वादांसाठीच.

काही अनुभवी लोक सगळा हिशेब पैशांत, पूर्णांकात ठेवतात. हा मार्ग आम्हांला आवडतो. त्यात एकच पाहायचे. चार बाइटचा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ पैशांवर संपतो, म्हणजे सव्वादोन कोटी रुपयांच्याही आत. आठ बाइटचा घेतला की चिंता नाही. डेसिमल (१०,२) चीही अशीच मर्यादा आहे, ९,९९,९९,९९९ रुपये ९९ पैसे. गाळ्याला एवढे पुरेल. नवी मुंबई महानगरपालिकेचा अर्थसंकल्प हजारो कोटींचा असतो, तिथे हा स्तंभ अपुरा. माय-एस्क्यूएलच्या जुन्या, सैल व्यवस्थेत तर मर्यादेबाहेरची रक्कम नाकारली न जाता मर्यादेच्या आकड्यावर आणून गुपचूप साठवली जात असे.

आमची मागणी फार नाही. वहीच्या तक्त्यात डेसिमलची एक ओळ घालावी, फ्लोटपुढचे वाक्य ‘मापन केलेल्या, आसन्न संख्यांसाठी’ असे करावे, आणि पगार-फीची उदाहरणे बदलावीत. त्याबरोबर विद्यार्थ्याने प्रकल्पाच्या पहिल्या पानावर ‘आसन्न किंमत कधी आणि कोणत्या नियमाने काढली’ हे लिहावे, असा एक गुण परीक्षेत ठेवावा.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी स्तंभ बदलले, जुन्या पट्ट्या वहीवरून पुन्हा भरल्या, आणि १२५०.३५ पहिल्या फटक्यात सापडली. मग तिने संगणकाची बेरीज वहीशी ताडून पाहिली. सात पट्ट्यांत फरक निघाला. मामांना विचारल्यावर कळले की ते हमाली आणि तोलाई वेगवेगळी रुपयावर आणतात, पन्नास पैशांच्या वर असेल तर पुढचा रुपया, खाली असेल तर सोडून. बरोबर पन्नास पैसे आले तर काय करता, असे तिने विचारले. मामा म्हणाले, “तेव्हा शेतकरी समोर उभा असेल तर सोडून देतो.” हा नियम आज्ञावलीत कसा लिहावा, असे तिने आम्हांला विचारले. अडतदाराला विचारून एकच काय तो ठरवून घे, असे आम्ही तिला सांगितले.